केसरबाईंच्या जावयाचा पहिला धोंडा

हर्सूलला जटवाडा रोडच्या अंगाला जी जुनी वसाहत आहे, तिथं अधिक महिना लागलेला कळायला पंचांग लागत नाही. केसरबाईंच्या गल्लीत तुपाचा आणि गुळाचा वास सुटतो, ओट्यावर रिकामे डबे घेऊन बाया बसतात आणि आतून केसरबाईंचा आवाज येतो, "घाई करशीन तर हसलेले अनारसे नेशीन. मंग जावई तुला हसंन."

अनारसा तुपात सोडल्यावर फिसकटून पसरला की तो हसला म्हणतात. केसरबाईंचा सहसा हसत नाही. तांदूळ भिजवणं, रोज पाणी बदलणं, सावलीत फडक्यावर पसरून दमट असतानाच कुटणं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आजकाल नोकरीच्या बायांना एवढा वेळ कुठला? म्हणून अर्ध्या हर्सूलच्या जावयांचं वाण केसरबाईंच्या कढईतून जातं. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा, सोबत पुरण भरून तळलेले धोंडे. तीन वर्षांनी एकदा येणाऱ्या या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलावून, पाटावर बसवून हे द्यायचं असतं. विष्णू-लक्ष्मीचा जोडा जेवला असं मानतात.

केसरबाई मूळच्या गल्लीतल्या नव्हेत. सांडूभाऊंना हर्सूलच्या जेलात शिपायाची नोकरी लागली तेव्हा त्या पिशोरहून दोन ट्रंका आणि मांडे भाजायचं एक खापर घेऊन आल्या. खापर मांडीवर धरून एसटीत बसल्या होत्या, म्हणे. शेजारच्या क्वार्टरमध्ये कुणाचं डोहाळजेवण निघालं, यांनी मांडे करून दिले, आणि तिथून जे सुरू झालं ते सांडूभाऊ रिटायर झाले तरी थांबलं नाही. उंचीनं बुटक्या, चालणं तुरुतुरु, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. रोज सकाळी हरसिद्धी मातेला दिवा लावून यायचं, देवीकडे काही मागायचं नाही, नुसतं दोन मिनिटं उभं राहायचं. "तिला का ठाऊक नाय? दर रोज काय गाऱ्हाणं सांगायचं," असं त्यांचं म्हणणं.

आणि एवढ्या वर्षांत लोकांच्या इतक्या जावयांना जेवू घालून त्यांना स्वतःला जावई नव्हता. एकुलती एक मंजुषा, ती शिकत होती. तिचं लग्न झालं गेल्याच्या गेल्या मार्गशीर्षात. मुलगा फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातला, शिवराज नावाचा. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला आणि समुद्राकाठच्या लाइनवर खारवली नावाच्या लहानशा स्टेशनात नेमणूक. रूळ, खडी, भराव नीट आहेत की नाहीत हे बघायचं त्याचं काम. लग्नानंतरचा हा पहिला अधिक महिना. पहिला धोंडा. केसरबाईंनी दिवाळीपासून चांदीचं निरांजन घेऊन ठेवलं होतं. सांडूभाऊंनी पाटाला नवा रंग दिला होता, दोनदा, कारण पहिला रंग केसरबाईंना कैद्याच्या बराकीसारखा वाटला.

शिवराजची सुट्टी महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मंजूर झाली होती. पहिल्याच आठवड्यात समुद्रात वादळ उठलं.

हर्सूलमध्ये त्या दिवशी नुसता वारा होता. वाळत घातलेली फडकी सावरता सावरता केसरबाई फोनवर होत्या. व्हिडिओ कॉलवर मंजुषानं क्वार्टरच्या गच्चीवरून दाखवलं. रुळाखालचा मातीचा भराव लाटांनी आणि पावसानं मिळून खाल्ला होता. खाली काहीच नाही आणि वर रूळ तसेच, हवेत लोंबकळत.

"आगं, हे तर धुणं वाळत घालायच्या तारेवानी दिसतंय," केसरबाई म्हणाल्या.

"त्याच तारेवरून काल सकाळी गाडी गेली होती, आई. तासाभरानं भराव गेला."

केसरबाईंनी हात जोडले. मग विचारलं, "आणि जावईबापू?"

"ते तिथंच आहेत. काल दुपारपासून घरी नाहीत."

पलीकडं जिथं डोंगर कापून रूळ नेले होते तिथं डोंगरसुद्धा खाली आला होता, लाल माती आणि घराएवढाले दगड रुळावर पडले होते. लाइन बंद झाली. गाड्या अलीकडच्या स्टेशनातून परत फिरायला लागल्या. तिसऱ्या दिवशी शिवराजचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता.

"मामी, आधी इथले धोंडे उचलू द्या. मग तुमचा खायला येतो."

केसरबाई हसल्या. "सावकाश उचला. माझा कुठं पळून चाललाय."

पण दिवस पळत होते. सुट्टीचा आठवडा आला आणि गेला. शिवराजची सुट्टी रद्द झाली, त्याच्या हाताखालच्या गँगमधल्या सगळ्यांचीच झाली. रात्रंदिवस खडीच्या गाड्या येत होत्या, दगड फोडले जात होते, जाळ्यांत दगड भरून समुद्राच्या बाजूनं भिंत उभी राहत होती. मंजुषा रोज सांगायची. केसरबाई ऐकायच्या, आणि फोन ठेवून दुसऱ्याच कुणाच्या तरी जावयाचे अनारसे तळायच्या.

गल्लीतली दीपमाला रोज ओट्यावर यायची. तिचा जावई राहायला सिडकोत, त्यामुळं तो दोनदा धोंडा जेवून गेला होता. ती म्हणाली, "केसरमावशी, तुमच्या जावईबापूनं काय पटरीशीच लगीन लावलं का?"

"तुझा बरा आहे बाई," केसरबाई झारा झटकत म्हणाल्या. "त्याला बोलवावं लागत नाय, आणि धाडावं तर तो जात नाय."

दीपमाला हसत हसत डबा घेऊन गेली. ती गेल्यावर केसरबाईंनी गॅस बंद केला आणि कढईसमोर तशाच बसून राहिल्या.

सांडूभाऊ पेपर वाचत होते. पेपरच्या आडूनच म्हणाले, "सुट्टी मंजूर झाल्याबिगर माणूस हालत नसतो. मी कितीक दिवाळ्या जेलात काढल्या."

"तुमच्या कैद्यांना काय सासुरवाडी नव्हती का? त्यांना नाय जाता आलं तर तुम्हाला बी नाय जाता आलं."

"होती ना. सासुरवाडीपायीच तर कोणी कोणी आत आलं होतं."

केसरबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही.

शेवटी बातमी आली. लाइन दुरुस्त झाली, शनिवारी रिकामं इंजिन चालवून बघणार आणि रविवारी सकाळी पहिली गाडी सोडणार. सोमवारी अवस होती. अवसेला महिना संपत होता. केसरबाईंनी मनात हिशोब मांडला की रविवारी गाडीत बसला तरी अवसेच्या आत पोचतो, आणि तेवढ्यात शिवराजचा फोन आला.

"मामी, कसं सांगू. गाडी सुरू झाली तरी मला हलता येणार नाही. नवी माती आहे. गाडीच्या वजनानं दबते, रूळ खाली जाऊ शकतो. दर गाडीमागं बघावं लागतं. चार-पाच दिवस तरी भरावावरच राहावं लागणार."

"बरं, जावईबापू. कामात कमी नका पडू," केसरबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या दिवशी त्यांचा अनारसा हसला. एक नाही, पुरता घाणाच हसला. तुपात सगळा चुरा. दीपमाला समोर होती, तिनं उठून गॅस बंद केला. केसरबाईंनी तूप गाळलं, हात धुतले आणि नेहमीची वेळ नसताना देवळात निघाल्या. हरसिद्धी मातेपुढं उभ्या राहिल्या. नेहमीसारखं काही मागितलं नाही. जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या एवढंच.

परत आल्या त्या दारातूनच बोलत.

"अवो, गाडी सुरू होतीय ना?"

"रविवारी."

"मंग जी गाडी त्यांना इकडं आणणार होती, ती आपल्याला तिकडं नाय का नेणार?"

सांडूभाऊंनी पेपर खाली ठेवला. हे काम सोपं नव्हतं. धोंडा असतो तो सासुरवाडीच्या उंबऱ्यात. जावयाला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, पाटावर बसवायचं, तेव्हा तो मान होतो. त्याच्याच घरी जाऊन त्यालाच वाढलं तर पाहुणा कोण आणि यजमान कोण? शिवाय त्यांच्या घरची जुनी रीत, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. सांडूभाऊंची आई पिशोरहून लेकीकडे जायची ती भाकरी बांधून, आणि तहान लागली की शेजारणीकडे पाणी मागायची.

"लोकं काय म्हणतीन? धोंडा डोक्यावर घेऊन जावयाच्या दारी गेली," सांडूभाऊ म्हणाले.

"दारी कोण चाललंय? मंजीच्या घरात मी पाय ठेवणार नाय. त्या गावाला देऊळ असंन का नसंन? देवाच्या दारात कोणाचा मान कमी होत नसतो."

"आणि पाणी?"

"पाण्याचा कॅन घेऊ इथून."

सांडूभाऊंनी बायकोकडे बघितलं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी अट्टल माणसं पाहिली होती. ते उठले आणि माळ्यावरची मोठी पिशवी काढायला लागले.

मंजुषानं खारवलीच्या ग्रामदेवतेच्या देवळाची चावी गुरवाकडून मागून ठेवली. केसरबाईंनी शनिवारी पहाटेच देवीला दिवा लावून धोंडे तळले, अनारसे वेगळ्या डब्यात कागद घालून भरले, तुपाची बाटली फडक्यात गुंडाळली. दोघं पनवेलच्या एसटीत बसले तेव्हा कंडक्टरनं पाट, ताट, डबे चालवून घेतले, पण पाण्याचा कॅन बघून तो थांबला.

"मावशी, तिकडं कोकणात पाणीच पाणी पडतंय. हे कशाला?"

"ते देवाचं. हे माझं," केसरबाई म्हणाल्या.

पनवेलला सांडूभाऊंच्या जुन्या साथीदाराकडे मुक्काम करून सकाळी स्टेशनात आले, तर इंजिनाला झेंडूच्या माळा घातलेल्या. कुणीतरी नारळ फोडला होता. मुंबईकडे अडकलेली सगळी माणसं एकदमच निघाल्यासारखी. तरी गाडीत एक वेगळाच समजूतदारपणा होता. जो तो सरकून जागा देत होता. पेणच्या पुढं एक म्हातारे गृहस्थ चढले, ते लाइन बंद झाल्यापासून लेकाकडे अडकले होते. "आता घरी जाऊन आधी विहिरीत डोकावतो," ते म्हणाले, "घर राहिलंय की नाही ते नंतर बघीन." केसरबाईंनी त्यांना पाटाकडे बोट दाखवून आपलं काम सांगितलं, तर त्यांनी पुढच्या बाकावरच्या लोकांना सांगितलं, आणि थोड्या वेळानं अख्ख्या डब्याला ठाऊक झालं की या बाई मराठवाड्यातून जावयाला धोंडा घेऊन चालल्यात आणि जावई आपल्याच लाइनीवर आहे.

दुपारच्या आधी गाडीचा वेग कमी झाला. मग आणखी कमी. शेवटी गाडी माणसाच्या चालीनं चालायला लागली. बोलणं आपोआप थांबलं. एका बाजूला लाल डोंगर कापलेला, ओला, त्याला जाळ्या बसवलेल्या. दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. केसरबाईंनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो असा, खिडकीच्या इतक्या खाली की त्यांनी पदर घट्ट धरला. रुळाखालची खडी नवी होती, काळी आणि धारदार. कडेला भगव्या जॅकेटातली माणसं फावडी, सब्बल घेऊन उभी होती. गाडी येईल तसं मागं सरकत होती. आणि त्यांच्या पुढं, एका हातात हिरवी झेंडी धरून, शिवराज.

दाढी वाढलेली. तोंड काळवंडलेलं. लग्नात फेटा बांधून उभा होता तो हाच का, असं वाटावं इतका वाळलेला. केसरबाईंनी चटकन डोक्यावर पदर घेतला, जावयासमोर घेतात तसा. हात वर केला. "जावईबापू," त्या म्हणाल्या, पण इतक्या हळू की सांडूभाऊंनाच ऐकू आलं.

शिवराजनं वर बघितलं नाही. त्याची नजर चाकांवर होती. एक डबा गेला, दुसरा गेला, त्याची मान चाकांबरोबर वळत होती. डब्यातले लोक त्या माणसांना हात करत होते, काही टाळ्या वाजवत होते. शिवराजनं एकदाही खिडक्यांकडे बघितलं नाही. केसरबाईंची खिडकी त्याच्या समोरून हातभर अंतरावरून गेली.

"बघ, ड्युटीवर आहे," सांडूभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

केसरबाईंनी नाक ओढलं. "दिसतंय मला."

खारवलीच्या फलाटावर मंजुषा उभी होती. आईच्या गळ्यात पडली, मग वडिलांच्या पाया पडली, आणि पिशव्या उचलता उचलता तिनं सांगून टाकलं. देवळात सगळी तयारी होती, पण शिवराज येऊ शकत नव्हता. आभाळ भरून आलं होतं. वरून निरोप होता, आज भरावावरचं माणूस हलवायचं नाही. बदली माणूस उद्या.

"उद्या अवस लागलेली असंन," केसरबाई म्हणाल्या.

"आई, ते म्हणाले, मामींना सांग, चुकलं माझं."

"त्यांचं काय चुकलं? समुद्राला सांग चुकलं म्हणून." केसरबाईंनी पाट काखेत मारला. "किती लांब आहे इथून?"

"आई, तिथं चिखल आहे. ताडपत्री आहे नुसती. तिथं कसं होणार?"

"ती जागा कोणाची? तुझी का?"

"रेल्वेची."

"मंग तुझं घर नाय. झालं तर."

रिक्षा जिथवर जात होती तिथवर रिक्षानं, पुढं चढावरून पायी. ताडपत्रीखाली गँगची माणसं भात शिजायला टाकून बसली होती. वहाणा हातात घेऊन चिखलातून येणारी सासू, पाट घेतलेले सासरे आणि डबे घेतलेली बायको बघून शिवराज उभाच राहिला. वाकून पाया पडायला गेला आणि हात चिखलाचे बघून मध्येच थांबला.

"मामी, तुम्ही इथं? कशानं आलात?"

"तुमच्याच गाडीनं. तुमच्या समोरून गेलो. तुम्ही चाकं मोजत होते."

शिवराजचा चेहरा इतका पडला की मंजुषाला हसू आवरेना.

आता पाट मांडायचा तर खडीवर. कुठंही ठेवला तरी डुगडुगत होता. गँगचा मुकादम पुढं आला. दणकट, कानावरचे केस पिकलेला माणूस. त्यानं बसून पाटाच्या एका पायाखाली खडीचे दोन तुकडे सारले, तळहातानं दाबून बघितलं आणि म्हणाला, "घ्या. गाडी गेली तरी हलणार नाही."

सांडूभाऊंनी जावयाला बूट काढायला लावले. केसरबाईंनी हर्सूलच्या कॅनमधलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं. किती दिवसांची लाल माती निघत होती, पाणी ओतत होत्या आणि निघतच होती. कॅन संपला. मंजुषा शेजारी बसली. केसरबाईंनी दोघांना कुंकू लावलं, निरांजन पेटवलं, वाऱ्यानं विझलं, सांडूभाऊंनी छत्री आडवी धरली, पुन्हा पेटवलं. ओवाळलं. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे रचले, दुसऱ्या ताटात धोंडे, त्यावर तूप.

शिवराजनं हात पुढं केला नाही.

गँगची माणसं ताडपत्रीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन समुद्राकडे तोंड करून बसली होती. आडून बसावं तशी. त्यांचा भात अजून शिजला नव्हता.

"मामी," शिवराज खाली बघून म्हणाला, "हा भराव मी एकट्यानं नाही भरला. मी एकटा कसा खाऊ?"

केसरबाईंचा हात तुपाच्या बाटलीवरच राहिला. अधिकाचं वाण हे जावयाचं. तेहतीसच्या तेहतीस त्याच्या हातात पडले पाहिजेत. मध्येच उचलून वाटले तर ते वाण राहिलं का? त्यांनी उभ्या जन्मात कुणाच्या वाणाला हात लागू दिला नव्हता. इकडे माणसं उपाशी पाठमोरी बसलीत आणि आपण तूप वाढतोय, हेही त्यांच्यानं होईना. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी मुकादमाला विचारलं, "पाव्हणं, तुम्ही कुठले?"

"भोकरदनकडचा, मावशी. बुद्धभूषण माझं नाव. सासुरवाडी तुमच्याच बाजूला हाय. पिशोर."

केसरबाईंनी बाटली खाली ठेवली. "पिशोरला कोणाचे?"

"शाळेच्या मागं घर हाय. माझ्या बायकोचे, श्रेयाचे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे."

"आगं बाई," केसरबाई मंजुषाकडे वळल्या. "माझ्या वरातीला त्यांनीच वाजवलं होतं." मग मुकादमाकडे. "म्हंजी तुम्ही आमच्या गावचे जावई की. आणि गावचा जावई माझ्याकडं पाठ करून बसलाय."

"मावशी, आमच्यात हे अधिक-धोंडा पाळत नाहीत. आम्ही बुद्धाचे."

"नका पाळू. पाळायचं माझं मी बघते. तुम्ही नुसते जेवा. नाय तर पुढच्या खेपी पिशोरला मी शाळेमागून कशी जाऊ?"

बुद्धभूषण पुरता वळून बसला. "तसं असंल तर मला दोन लागतीन. सासूबाईनं पोटभर जेवू घातलं ते लग्नातच, आणि त्या दिवशी बी मला फोटोवाल्यानं उठवलं होतं."

माणसं हसली. त्यातला एक बिहारकडचा होता, तो मागूनच म्हणाला, "माताजी, दामाद तो हम भी हैं."

"तू कोणाचा?"

"छपरा में ससुराल है. छुट्टी कैंसिल हो गई."

केसरबाई त्या सगळ्यांकडे बघत राहिल्या. एकेक जण कुणाचा तरी जावई होता. कुणाचं सासर नांदेडकडे, कुणाचं चिपळूणला. रीत निरनिराळी असेल, पण प्रत्येकाच्या मागं कुठंतरी एक बाई दाराकडे बघत बसली असणार, आणि त्यांच्यापैकी एकीलाही इथवर येणं जमलं नव्हतं. देवानं गाडी सोडली ती आपल्या एकटीसाठी सोडली असेल का, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी अनारशांचं ताट उचललं आणि शिवराजच्या दोन्ही हातांत दिलं.

"वाण तुमचं झालं, जावईबापू. आता तुम्ही कोणाला द्यायचं ते तुम्ही बघा."

मग काय, पंगतच बसली. चढ चढून आणि बोलून बोलून केसरबाईंचा घसा कोरडा पडला होता. बुद्धभूषणनं माठातलं पाणी पेलाभर पुढं केलं, आणि त्यांनी ते कुठलं, कुणी भरलं हे न विचारता एका दमात संपवलं. शिवराजनं धोंडा फोडला. तुपात बुडवून पहिला घास तोंडाशी नेला आणि तेवढ्यात लांबून भोंगा ऐकू आला.

दुसऱ्या बाजूची गाडी. गँग हातातलं खाली ठेवून उठली होती. शिवराज तसाच बसून, घास हातात. पाटावर बसलेल्या जावयानं जेवण पुरं झाल्याशिवाय उठायचं नसतं. अर्ध्यावर उठलेला धोंडा पाहणाऱ्या बायका पुढं वर्षभर ते बोलून दाखवतात. त्यानं सासूकडे बघितलं. मंजुषानंही आईकडे बघितलं.

केसरबाईंनी एकदा ताटाकडे बघितलं, एकदा वळणावर दिसायला लागलेल्या इंजिनाकडे.

"उठा," त्या म्हणाल्या. "तेवढी माणसं तुमच्या भरवशावर येऊ राहिली. ताट मी धरते."

बूट घालायला वेळ नव्हता. तो धुतलेल्या पायांनीच खडीवरून धावत गेला, झेंडी उचलली आणि उभा राहिला. केसरबाई ताटावर पदर झाकून ताडपत्रीच्या कडेला आल्या. या वेळी त्यांनी खिडक्यांकडे बघितलं नाही. जावई बघत होता तिथं बघितलं. एकेका चाकाखाली रूळ किंचित खाली जात होता आणि चाक सरकलं की पुन्हा वर येत होता. प्रत्येक वेळी वर येत होता. शेवटचा डबा गेल्यावर शिवराज खाली वाकला, रुळावर हात ठेवून लांबवर बघितलं, आणि मग हसत परत आला.

"जागचा हलला नाही, मामी."

"मंग आता तुम्ही बी हलू नका. बसा."

त्यांनी पुन्हा निरांजन पेटवलं, पुन्हा ओवाळलं, पहिल्यापासून. शिवराज जेवला. पहिला धोंडा बोलता बोलता, दुसरा न बोलता, आणि तिसऱ्याला ताट स्वतःच पुढं केलं. केसरबाई तूप वाढत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या, वाऱ्यानं माती उडते म्हणून.

सगळ्यांचं झालं तरी ताटात काही अनारसे उरले होते. सांडूभाऊंनी इकडेतिकडे बघत एक उचलला.

"तुम्हाला साखर आहे," केसरबाई म्हणाल्या. "आणि हे जावयाचं आहे. तुम्ही कोणाचे जावई?"

"तुझ्या बापाचा," सांडूभाऊ म्हणाले.

ताडपत्रीखाली एवढा हशा पिकला की भाताच्या पातेल्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही आणि तो खाली लागला. केसरबाईंनी नवऱ्याच्या हातातला अनारसा घेतला, मधोमध मोडला, दोन्ही तुकड्यांकडे बघितलं आणि मोठा त्यांना दिला.